करकोच्याच्या चोचीतलं पान

१

जुन्या टपालघराच्या मोठ्या दालनात रोज सकाळी सगळ्यांत आधी पाऊल पडायचं ते टपालकाकांचं. उभी हयात त्यांनी याच इमारतीतून निघून पत्रं वाटली होती. टपालखातं नव्या जागेत गेलं आणि काका किल्ल्या सांभाळायला म्हणून इथेच राहिले. त्या दिवशी दार उघडून बघतात तर आदल्या संध्याकाळी लख्ख पुसलेल्या फरशीवर, दालनाच्या अगदी मध्यावर, धुळीचा चौकोन पडलेला. चारी बाजू सरळ, जणू कुणी पट्टी धरून आखला असावा. काकांनी आधी मांजराला नावं ठेवली, मग परांचीवाल्याच्या माणसांना, आणि मग मान वर केली. हातातला झाडू हातातच राहिला.

निरोप मिळाला तशा बाई आल्या आणि आल्या पावली परांचीवर चढल्या.

बाई म्हणजे या जीर्णोद्धाराच्या प्रमुख. शिक्षणानं वास्तुविशारद, पण जन्मानं सुताराची लेक, त्यामुळे लाकडाकडे बघायची नजर घरातूनच आलेली. हे छत त्यांनी पोटच्या पोरासारखं जपलं होतं. जुन्या भाषेत त्याला तक्तपोशी म्हणायचे. चौकोनी लाकडी तक्ते, प्रत्येक तक्त्यावर कोरलेलं एक उडतं पाखरू, आणि प्रत्येक पाखराच्या चोचीत पत्र. मधला तक्ता सर्वांत मोठा. त्यावर पंख पसरून खाली उतरणारा करकोचा. त्याच्या चोचीचं टोक कधी काळी तुटलं होतं, आणि त्यानंही पत्रच धरलं असणार असं सारं गाव धरून चाललं होतं. काम चालू असताना तुळईवरच्या धुळीत बाईंना तो तुटका तुकडा सापडला. धुऊन पाहिला तर चोचीत होतं पीस, लिहायचं पीस. बाकीची पाखरं पत्रं नेणारी, आणि हा बेटा लेखणी घेऊन येणारा! मामांनी तो तुकडा जागच्या जागी असा बसवला की सांधा शोधून दाखवावा.

आता त्याच करकोच्याभोवती चहूकडून बोटभर फट पडली होती. त्या फटीतूनच माळ्यावरची धूळ रात्रभर खाली झिरपली होती.

बाईंनी विजेरी धरली. तक्ता आक्रसून चौकटीतून मागे सरकला होता आणि जी कड आजवर चौकटीच्या पोटात दडली होती, ती उघडी पडली होती. दर्शनी भागाला तेल होतं, काजळी होती, म्हातारपणाचा सगळा साज होता. कडेची पट्टी मात्र पांढरीफटक. बाईंनी नख दाबलं. नख रुतलं.

पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं लाकूड खाली दालनात चार दिवस दिवे पेटवले म्हणून असं आक्रसत नाही.

"काय झालं हो बाई?" खालून काकांनी विचारलं. "उंदीर आहेत का?"

"काका," बाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला, "हा आपला करकोचा नाही."

२

तक्ता खाली उतरवून घोडीवर ठेवला तेव्हा त्याच्याभोवती अगदी सुतकी शांतता होती. जीर्णोद्धार समितीचे अध्यक्ष धावत आले होते. गावातलं मोठं प्रस्थ, जुन्या वस्तूंचा भारी नाद, दिवाणखाना म्हणजे छोटं संग्रहालयच. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून पाहिलं.

"नक्कल आहे म्हणता? मग मानलं पाहिजे. पंखाचं एकेक पर वेगळं काढलंय."

"म्हणूनच तर," परांचीवाला म्हणाला. सोडायला घेतलेली परांची पुन्हा बांधावी लागली म्हणून तो आधीच धुमसत होता. "असा हात गावात कुणाचा आहे, हे काय सांगायला पाहिजे?"

सगळ्यांच्या माना एकाच वेळी वळल्या. दाराशी मामा उभे होते.

मामा हे तक्तपोशीचे मुख्य कारागीर. बाईंचे सख्खे मामा नव्हेत. पण पहिल्या दिवशी त्यांनी "पोरी" म्हणून हाक मारली आणि नातं तिथेच ठरून गेलं. खिळा नको, सरस नको, लाकूड लाकडानंच धरायचं, या जुन्या पद्धतीनं सगळं छत त्यांनी खुंट्यांवर पुन्हा उभं केलं होतं. ते पुढे आले आणि त्यांनी घोडीवर हात ठेवला.

"मामा, हा तक्ता वर चढवला त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?" अध्यक्षांनी विचारलं.

"रजेवर."

"एवढा मानाचा तक्ता चढतोय आणि तुम्ही रजेवर? कुठे गेला होतात?"

"माझं काम होतं."

"काय काम?"

मामांनी हातातली पेटी खाली ठेवली. अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. "यांच्या अवजारांची पेटी बघायला हवी. तुमची हरकत नाही ना?"

बाईंच्या ओठावर आलं होतं की आहे, चांगलीच आहे. पण समितीचे लोक बघत होते, आणि आपलं माणूस म्हणून पाठीशी घातलं असं कुणी म्हणायला नको. त्या गप्प राहिल्या. परांचीवाल्यानं पेटी उपडी केली. पटाश्या, मोगरी, गुंडाळलेला पॉलिश पेपर, एक जेवणाचा डबा. बाकी काही नाही. मामा गुडघ्यावर बसले, एकेक पटाशी पुसून पेटीत भरली, आणि उठून निघून गेले. जाताना त्यांनी बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही.

"उद्या संध्याकाळपर्यंत काय ते शोधा," अध्यक्ष म्हणाले. "त्यानंतर मी पोलिसांत जाणार, आणि नाव मामांचंच देणार."

३

दुपारी दादा आला. बाईंचा मोठा भाऊ. घरून वहिनींनी दिलेला डबा त्यानं टेबलावर ठेवला आणि बहिणीच्या पाठीवरून हात फिरवला.

वडील गेले तेव्हा बाई शाळेत होत्या. दादा वडिलांच्या हाताखाली कोरीवकाम शिकत होता आणि पोरगा बापाला मागे टाकणार असं जो तो म्हणायचा. पण कोरीवकामावर घर चालेना. दादानं पटाश्या गुंडाळून ठेवल्या आणि तयार कपाटं, पलंग विकायचं दुकान काढलं. दुकानाच्या जिवावर बहिणीला शिकवलं. आज त्याचं गावाबाहेर मोठं कोरडं गोदाम होतं. इथे फरशीचं काम निघालं तेव्हा उतरवलेले तक्ते ठेवायला त्यानं ते एका शब्दावर मोकळं करून दिलं होतं. त्याआधी कीड मारायची धुरीही तिथेच दिली गेली होती.

"जेवलीस का?"

"घास उतरत नाही रे."

"अगं, त्या करकोच्यापायी तुझं नेहमीचंच आहे. मागे सुट्टीच्या दिवशी घरी आलीस तेव्हाही ताटावर बसून त्या चोचीचंच पुराण लावलं होतंस. वहिनी वाढून दमली." तो हसला. मग हळू आवाजात म्हणाला, "मामांचं काय?"

"मामा असं करणार नाहीत."

"मीही तेच म्हणतो. पण धाकटे, म्हातारपणी माणसाचं काही सांगता येत नाही. इतकं सुंदर काम हातून होतं आणि नाव कुणाचंच लागत नाही. कुठेतरी सलत असेल." घोडीवरच्या तक्त्याकडे त्यानं पाहिलं आणि जरा वेळ तसाच पाहत राहिला. "काम मात्र सुरेख आहे. नाही?"

"दादा, मला सुरेख नको आहे, माझा करकोचा हवा आहे."

"मिळेल गं," असं म्हणून त्यानं झाकण उघडून डबा बाईंपुढे सरकवला.

तो गेल्यावर बाईंनी एकेकाला बोलावून विचारायला सुरुवात केली. टपालकाकांना बोलायला लावायची गरज नसते, थांबवायची असते.

"बाई, किल्ली माझ्या कनवटीला. रात्री उशाला. माझ्या इथून कुणी काही नेलं असेल तर मिशा उतरवीन."

"तुम्हाला मिशा कुठे आहेत काका?"

"म्हणून तर बिनधास्त सांगतोय!" काका हसले आणि लगेच गंभीर झाले. "एक मात्र सांगतो. गोदामातून खोके आले ना, तेव्हा उतरवायला मी हात लावला होता. तो मोठा खोका उघडला तर ताज्या लाकडाचा वास आला. पाऊस पडून गेलेल्या रानात येतो तसा. मला वाटलं, खोका नवा असेल."

"खोका नवा नव्हता."

"मग मी काय म्हणतोय!"

म्हणजे अदलाबदल इथे झालीच नव्हती. खोका या दालनात आला तोच खोटा करकोचा पोटात घेऊन.

बाईंनी परांचीवाल्याला गाठलं. टेम्पो त्याचा, माणसं त्याची.

"वाटेत कुठे थांबलात का?"

"माझ्यावर येऊ नका हां बाई! गोदाम ते टपालघर, कुठेही थांबा नाही. टेम्पोत मी स्वतः बसलो होतो. आणि खोके भरायचं म्हणाल तर मोठ्या खोक्याला आम्ही बोटही लावलं नाही. तुमच्या दादांनी आदल्या दिवशीच स्वतः बांधून ठेवला होता. म्हणाले, बहिणीचा जीव आहे त्यात, तुम्ही धसमुसळे लोक हात लावू नका."

बाईंना भरून आलं. दादाचं प्रेम हे असं, न बोलता केलेलं.

"मग गोदामात त्याआधी कोण येत-जात होतं?"

परांचीवाला घुटमळला. "अध्यक्ष आले होते एकदा. करकोचा बघायला. बराच वेळ समोर बसले होते."

४

अध्यक्षांच्या दिवाणखान्यात भिंतभर मुखवटे, कुलपं, दिवे. मधली एक भिंत रिकामी होती. बाईंची नजर नेमकी तिथेच गेली.

"ओळखलंत," अध्यक्ष म्हणाले. "ती जागा करकोच्यासाठी ठेवली होती. समितीपुढे मी उघड मागितला. म्हटलं, छताला नक्कल लावा, अस्सल माझ्याकडे सुरक्षित राहील. सगळ्यांत मोठ्यानं 'नाही' कोण म्हणालं होतं?"

"मी."

"आणि तुम्ही बरोबर होतात. पण मला सांगा बाई, ज्याला चोरायचं असतं तो आधी सगळ्यांसमोर मागतो का? आज त्या भिंतीवर काही लावलं तर पोरंसोरंसुद्धा बोट दाखवतील."

"गोदामात बराच वेळ बसला होतात म्हणे."

"बसलो होतो. तुमच्या भावाशी बोलत. फार जाण आहे हो त्यांना. पंखाचा उतार कसा धरलाय, पटाशी कुठे थांबली, कुठे वळली, सगळं समजावून सांगितलं. मी विचारलं, तुम्ही का नाही हे काम घेतलं? तर म्हणाले, कुणी विचारलं नाही."

बाई बाहेर पडल्या तेव्हा ते वाक्य पायात खडा जावा तसं टोचत होतं. विचारलं नव्हतं हे खरं. बहिणीनं भावाला काम दिलं अशी बोंब झाली असती. शिवाय दादानं पटाशी सोडून जमाना झाला होता. त्याला काय वाटेल हा विचार त्यांच्या मनात आला नव्हता. दादा कधी काही मागत नसे, म्हणून त्याला काही नको असेल असंच त्या धरून चालल्या होत्या.

त्या पुन्हा टपालघरात आल्या. खिडकीशी अजून ऊन होतं. तक्ता त्यांनी उजेडात ओढला आणि भिंग घेऊन टोकापासून टोकापर्यंत बघायला लागल्या. पाय. पोट. पंख. मान. शेवटी चोच.

चोचीत पीस नव्हतं.

खालून कुणाला कळलं नसतं. लांबट आकार तोच, मधली शीर तीच. पण पिसाला असतात तशा बारीक चिरा इथे नव्हत्या. शिरेपासून दोन्हीकडे नाजूक फाटे फुटले होते आणि बुडाशी छोटासा देठ होता. करकोच्यानं चोचीत पान धरलं होतं.

५

मामांच्या घराचं दार उघडंच होतं. मामा खिडकीजवळ खुर्ची घेऊन बसले होते. समोर दोरीवर वाळत घातलेले कपडे होते, तिकडे त्यांचं तोंड होतं.

"कोण?"

बाई दारातच थबकल्या. चार पावलांवर त्या उभ्या होत्या, उजेडात.

"मी आहे मामा."

"ये. म्हणजे या."

बाई समोर बसल्या. मामांच्या डोळ्यांकडे त्यांनी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहिलं. बुबुळांवर दुधाळ पडदा चढला होता.

"त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला होतात."

मामांनी डोळे चोळले. "आंधळ्या सुताराला छतावर कोण चढू देतं? काम संपलं की सांगणारच होतो. हाताला कळत होतं, चाललं होतं. मोठी वळणं हातानं होतात. बारीक काम मी सुरुवातीलाच उरकून घेतलं."

बाईंच्या मनात एक गाठ सुटली. त्या पानाचे फाटे केसाइतके बारीक होते. ते या डोळ्यांनी होणं शक्य नव्हतं.

"मामा, एकच विचारते. चोचीत तुम्ही काय बसवलं होतं?"

"काय म्हणजे? तूच दिलेला तुकडा. पीस. धुऊन पुसून तूच तर आणलास माझ्याकडे."

"त्याआधी कधी पानाचं बोलणं झालं होतं आपल्यात?"

"पान? कसलं पान?"

बाई उत्तर देणार होत्या. त्या मध्येच थांबल्या.

पान. हा शब्द मामांनी ऐकलेला नव्हता. काकांनी नाही, परांचीवाल्यानं नाही, अध्यक्षांनीही नाही. या सगळ्यांनी तो तुकडा धुतल्यानंतर, पीस म्हणूनच पाहिला होता. तुकडा सापडला ती सुट्टीची सकाळ होती. धुळीनं माखलेला तो इवलासा तुकडा रुमालात बांधून ठेवून बाई तशाच भावाकडे जेवायला गेल्या होत्या. ताटावर बसल्या बसल्या, डोळे चमकवत त्यांनी सांगितलं होतं, "दादा, पत्र नव्हतंच रे! पान आहे चोचीत, देठासकट!" आणि ओल्या बोटानं टेबलावर आकार काढून दाखवला होता. दुसऱ्या दिवशी तुकडा धुतला, पीस निघालं. इतकी बारीकशी चूक, ती दादाला मुद्दाम सांगायचं राहूनच गेलं.

त्या वेळी चोच तुटलेला करकोचा धुरीसाठी दादाच्याच गोदामात होता.

"काय झालं पोरी?" मामांनी विचारलं.

बाई उठल्या. उठताना खुर्ची पडली, ती त्यांनी उचलली नाही.

६

गोदामात प्लायवूडच्या लहानमोठ्या थप्प्या लागल्या होत्या. दादा शेवटच्या गाडीचा माल उतरवून घेत होता. बहिणीचा चेहरा पाहून त्यानं माणसांना घरी पाठवलं.

"पान होतं असं मी फक्त तुला सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "सगळ्या जगात फक्त तुला."

दादानं नाकारलं नाही. उलट त्याच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्यासारखं काहीतरी आलं, आणि तेच बाईंना सर्वांत जास्त लागलं. तो मागच्या कोपऱ्यात गेला, दोन थप्प्या बाजूला केल्या. मागे आईच्या गोधडीत गुंडाळलेला करकोचा भिंतीला टेकून उभा होता. ओरखडासुद्धा नाही.

"विकायचा होता?"

"काय बोलतेस! विकीन मी?" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मला तो नकोच होता. कुठेतरी ठेवायला तर हवा ना, म्हणून ठेवला."

"मग कशासाठी, दादा?"

दादा थप्पीवर बसला. हात मांडीवर उताणे ठेवले. बोटांवर पटाशीचे चरे होते. बाईंना ते आधी कधी दिसले नव्हते.

"धुरीसाठी तक्ते आले. हा समोर होता. एका संध्याकाळी सहज बाबांच्या पटाश्या काढल्या. म्हटलं बघू, जमतं का. पहिला पंख झाला आणि मी रडलो गं. एवढी वर्षं कपाटं विकली, मला वाटलं होतं हात मेला. नव्हता मेला." तो थांबला. "नक्कल पुरी झाली तोवर मामांनी दुरुस्त केलेला अस्सल खोक्यात बंद होऊन परत इथे आला. दोन्ही शेजारी ठेवले. खोटं सांगत नाही, माझा कमी नव्हता. मग वाटलं, माझं एक तरी काम वर जाऊ दे. कुणाला कळू नये, पण असू दे तिथे. लाकूड मुरवायला वेळ नव्हता एवढंच."

"तेव्हा तुला पीस दिसलं असेल."

"दिसलं. पानाचं पीस करता आलं असतं, दोन तासांचं काम. नाही केलं. बाकी सगळं त्या जुन्या कारागिराचं होतं. ते पान तेवढं माझं होतं."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. गोदामात लाकडाचा, रंगाचा वास कोंदला होता.

"मला सांगायचंस. एकदा म्हणायचंस, मला काम दे."

"तू माझं गोदाम मागितलंस, धाकटे. माझे हात नाही मागितलेस. मागितले असतेस तर बरं झालं असतं, पण ते राहू दे. मी तुझ्यावर रागावलो नाही."

"मी रागावले आहे," बाई म्हणाल्या. "तक्त्यासाठी नाही. तक्ता तू विचारून कोरला असतास तर मी स्वतः तो दालनात मांडला असता. आज दुपारी तू माझ्यासाठी डबा घेऊन आलास. मामांची पेटी फरशीवर उपडी झाली हे तुला ठाऊक होतं. त्यांना चोर ठरवणार हे ठाऊक होतं. आणि तू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालास, म्हातारपणी माणसाचं काही सांगता येत नाही. ते काय होतं, दादा?"

दादानं मान खाली घातली.

"घाबरलो," तो म्हणाला.

"आणि उद्या त्यांना नेलं असतं तर?"

बाईंनी वाट पाहिली. त्यांना मनापासून वाटत होतं की त्यानं काहीतरी बोलावं, नाहीतर खोटं तरी बोलावं. तो बोटांवरचे चरे चोळत राहिला. मग बाईंनी पर्समधून फोन काढला आणि त्याच्यासमोरच अध्यक्षांना लावला.

"करकोचा सापडला," त्या म्हणाल्या. "हो, धड आहे. मामांचा काही संबंध नाही, ते त्यांच्यासमोर, सगळ्यांना बोलावून सांगायचं आहे. आणि पोलिसांना मी स्वतः कळवते."

दादानं बाईंना अडवलं नाही. घरी वहिनींना काय सांगायचं, एवढंच त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, "ते तुझं तू सांग."

७

दुसऱ्या दिवशी सगळे दालनात जमले. बाईंनी सगळं सांगितलं, भावाचं नाव घेऊन, काही न झाकता. परांचीवाल्यानं पुढे होऊन मामांचे हात धरले आणि माफी मागितली. अध्यक्षांनीही मागितली, जरा लांबण लावून. मामांनी मान हलवली.

मग ते परांचीवर चढले. बाईंनी नको म्हटलं, डोळ्यांचं कारण सांगितलं, पण मामा म्हणाले, अर्धं टाकलेलं काम मला झोपू देत नाही. काका एका बाजूनं, परांचीवाला दुसऱ्या बाजूनं. अस्सल करकोचा जागेवर बसला. मामांनी बोटांनी खाचा चाचपत एकेक खुंटी ठोकली. खाली बाई उभ्या होत्या आणि मोगरीचा प्रत्येक ठोका त्यांना छातीत ऐकू येत होता.

खाली उतरल्यावर मामांनी पेटी उचलली. बाईंनी चहाचा पेला पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"मामा, काल मी बोलायला हवं होतं. पेटीला हात लावू द्यायला नको होता."

"तुमचा माझ्यावरचा संशय फिटला," मामा शांतपणे म्हणाले. "माझा तुमच्यावरचा अजून फिटायचा आहे. फिटेलही. बघू." आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून ते पायऱ्या उतरून गेले.

फौजदारबाई आल्या तेव्हा दालन रिकामं झालं होतं. गोदामातून दादा त्यांच्या एका हवालदाराबरोबर आधीच चौकीवर गेला होता. फौजदारबाईंना पुरावा म्हणून नक्कल ताब्यात घ्यायची होती. दोन शिपायांनी तक्ता उचलला आणि दाराशी, उन्हात, क्षणभर उभा धरला. फौजदारबाई पंचनाम्याचं विसरून बघतच राहिल्या. पसरलेले पंख, वळलेली मान, आणि चोचीतलं पान, देठासकट, वाऱ्यावर आत्ता हलेल असं.

"बाई गं," त्या म्हणाल्या, "हे कुणी केलंय?"

बाईंनी त्या पानाकडे पाहिलं. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"माझ्या दादानं," त्या म्हणाल्या.